उन्हाची खोली

"…पण माझीच खोली का, महाराज?"

खंडूनाथ महाराज खोलीत फावड्याने माती पसरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"ऊन इथेच येतं."

"अकरा वर्षं राहतोय मी या खोलीत."

"मग तुला ठाऊकच असेल."

श्रीपतनाथाने आपली पोथ्यांची पेटी उचलली आणि कोठीच्या खोलीत नेऊन ठेवली. तिथे धान्याची पोती होती. खिडकी नव्हती.

मठ सह्याद्रीच्या उतारावर. चार खोल्या, एक विहीर, एक समाधी. थंडीच्या दिवसांत दुपारपर्यंत गारठा हलत नसे. सकाळचं ऊन यायचं ते फक्त पूर्वेच्या कोपऱ्यातल्या खोलीत.

त्या खोलीत आता एक सरडा राहणार होता.

साधासुधा सरडा नव्हे. दक्षिण अमेरिकेतला तेगू. तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत चार फूट, अंगावर काळे-पांढरे पट्टे, मणी ओवल्यासारखी कातडी. पुण्याच्या एका जोडप्याने हौसेने पाळला होता. ते परदेशी निघाले, तेव्हा त्याला ठेवून घ्यायला कोणी तयार होईना. शेवटी ते त्याला मठात घेऊन आले. गावातली माणसं त्याला घोरपड म्हणाली. महाराज पाहुणा म्हणाले.

त्या जोडप्याने एक कागद लिहून दिला होता. महाराजांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. कागद श्रीपतनाथाने वाचून दाखवला. मठात येण्याआधी तो संस्कृतचा प्राध्यापक होता. पंचक्रोशीत त्याच्याइतकं शुद्ध वाचणारा कोणी नव्हता.

"खोलीच्या एका टोकाला दिवा. त्याखाली सपाट दगड, तापलेला. दुसरं टोक गार. गुडघाभर माती, ओलसर, बीळ करता येईल अशी. आत बसता येईल एवढं पाण्याचं घमेलं. पपई, खिमा, अंडी…"

तो थांबला.

"अंडी? मठात?"

"तो राहायला आलाय," महाराज म्हणाले. "दीक्षा घ्यायला नाही."

महिनाभरात सगळं बदललं.

पूर्वी सकाळचा पाठ ऊन अंगणात येईपर्यंत चालायचा. आता महाराज मध्येच उठत. "दिवा लावायचा राहिला," म्हणत आणि भिंत चाचपत निघून जात. श्रीपतनाथ अर्धा श्लोक तोंडात घेऊन बसून राही.

कधी तो दाराच्या फटीतून पाही. महाराज मातीत मांडी घालून बसलेले असत. तेगू दगडावरून उतरे, सावकाश त्यांच्या मांडीवर चढे आणि हनुवटी टेकून डोळे मिटे. महाराज दोन बोटांनी त्याच्या जबड्याखाली चोळत राहत.

अकरा वर्षांत महाराजांचा हात श्रीपतनाथाच्या डोक्यावर एकदाच आला होता. दीक्षेच्या दिवशी. तोही विधीचा भाग म्हणून.

एकदा त्याला राहवलं नाही.

"महाराज, त्याला काय कळतं?"

"काही नाही."

"मग त्याच्यापाशी इतका वेळ…?"

"तुला सगळं कळतं," महाराज म्हणाले. "तुझ्यापाशी बसून मी काय करू?"

पुढे कितीतरी दिवस ते वाक्य श्रीपतनाथाच्या घशात अडकून राहिलं. जेवताना. पाणी शेंदताना. समाधीपुढे हात जोडतानासुद्धा.

पौषात महाराजांच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख आली. तालुक्याच्या गावी तीन दिवस राहावं लागणार होतं. गावातला गभाले जीप घेऊन आला.

"सकाळी दिवा," महाराज म्हणाले. "माती ओली ठेव. एक दिवसाआड अंडं."

"आणि माझा पाठ?"

"हाच."

जीप वळणाआड गेली.

श्रीपतनाथाने दिवा लावला नाही.

मारायचं त्याच्या मनात नव्हतं. आपण कोणाला तरी नकोसे आहोत, हे त्या प्राण्याला एकदा कळावं, एवढंच त्याला वाटत होतं. त्याने दार ओढून घेतलं, अंगणात घोंगडी अंथरली आणि पोथी उघडली. किती दिवसांनी तो न अडता वाचत होता. आवाज कसा खणखणीत लागला होता…

दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं. त्या खोलीतही ऊन आलं नाही. त्याने पाहिलं, आणि पान उलटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्याला वाचवेना. एकाच ओळीवर नजर चार वेळा गेली. तो उठला आणि त्याने दार ढकललं.

दगड गार होता. माती वाळून भेगाळली होती. तेगू कुठे दिसेना.

कोपऱ्यात बिळाचं तोंड होतं. त्यातून भगव्या कापडाचं एक टोक बाहेर आलं होतं.

श्रीपतनाथाच्या अंगातून कळ गेली. महाराजांचं वस्त्र! मठात आजवर कोणाला मिळालं नव्हतं. आपल्यालाच मिळेल, असं तो इतकी वर्षं मनाशी धरून होता. आणि ते या सरपटणाऱ्या जिवाला अंथरायला दिलं होतं.

त्याने टोक धरून ओढलं. आतून कोणीतरी धरून ठेवलं होतं. त्याने जोर लावला. कापड आलं, आणि त्यात नखं रुतलेला तेगूही बाहेर आला. ढिला. दगडासारखा गार. डोळे अर्धे मिटलेले.

श्रीपतनाथाने कापड झटकून उलगडलं.

ती त्याचीच बंडी होती. काखेत उसवलेली, निळ्या दोऱ्याने वेडीवाकडी शिवलेली. ते टाके त्याने स्वतःच घातले होते. दिवाळीच्या सुमारास ती वाळत घातलेली असताना दोरीवरून नाहीशी झाली होती. माकडांनी नेली असेल, म्हणून त्याने शोधलीही नव्हती.



त्याने धावत जाऊन दिव्याचं बटण दाबलं. वीज नव्हती. पुन्हा दाबलं. पुन्हा…

तेगूची शेपूट जराही हलत नव्हती.

श्रीपतनाथाने घोंगडी आणली. अंगातली कफनी वर केली आणि तो गार देह उघड्या पोटाशी धरला. थंडीने त्याचा श्वासच अडकला. त्याने घोंगडी दोघांभोवती गुंडाळून घेतली आणि भिंतीला टेकला.

दुपार झाली. तो जेवला नाही. पाय बधिर झाले. तो हलला नाही. आपण मनात कसला जप करतो आहोत, हेही त्याच्या ध्यानात आलं नाही. ओठांवर एकच होतं, "ऊठ रे… ऊठ बाबा…"

ऊन उतरू लागलं तेव्हा त्याच्या बरगडीवर एक नख हललं.

जीप आली, तेव्हाही तो तसाच बसला होता. डाव्या डोळ्यावर हिरवी पट्टी लावलेले महाराज गभालेच्या खांद्याला धरून दारात आले. गभाले पाणी आणायला विहिरीकडे गेला.

घोंगडीतून काळी-पांढरी मान बाहेर आली होती. हनुवटी श्रीपतनाथाच्या गळ्याशी टेकलेली.

"मी दिवा लावला नाही," श्रीपतनाथ म्हणाला. "एकही दिवस नाही. मुद्दाम."

महाराज खाली बसले.

"अंडंही दिलं नाही."

"हं."

"माझी बंडी तुम्ही का ठेवलीत त्याच्याजवळ?"

"ते जनावर माणसाला वासावरून ओळखतं. अंगातलं कापड जवळ ठेवलं की सवय होते. त्या कागदात शेवटी लिहिलं होतं. अंड्यांवरच तू थांबलास. उरलेला मी गभालेकडून वाचून घेतला."

"पण माझीच का? सांभाळत तर तुम्ही होता."

"तो अजून बारा-पंधरा वर्षं जगेल," महाराज म्हणाले. "मी नाही."

श्रीपतनाथाचे डोळे भरून आले. पुसायला हात मोकळे नव्हते. मग, इतकी वर्षं गिळलेलं एकदाचं बाहेर आलं.

"महाराज… खरं सांगा. तुमचा जास्त जीव कोणावर? याच्यावर, की माझ्यावर?"

महाराजांनी हात पुढे केला. घोंगडीत घालून आधी तेगूची पाठ चाचपली. मग तोच हात श्रीपतनाथाच्या छातीवर ठेवला, आणि तिथेच राहू दिला.

"आधी तू सांग," ते म्हणाले. "तुम्हा दोघांत गार कोण पडलं होतं?"