शाश्वतीचा निर्णय आणि मृतांची साक्ष

त्रेतायुगाचा आरंभकाळ सरत असता, सप्तपर्णांच्या छायेने शीतल आणि सामगायनाने निनादणाऱ्या शुभ्रतोया नदीच्या तीरावर सात आश्रम नांदत होते. तेथे बारा वर्षे निरपेक्ष लोकसेवा करणाऱ्या एकाच व्यक्तीसाठी वज्रपाणी इंद्राने अम्लान पारिजातमाला धाडली, मात्र अट घातली, "अपात्राच्या कंठी माला पडली, तर निर्णय देणाऱ्याची वाचा जाईल."

हे ऐकताच, निर्णयासाठी हिरिरीने पुढे सरसावलेले सातही कुलपती एकाएकी मौनव्रती झाले. अखेर ते ओझे शाश्वती या तरुण ऋषिपत्नीच्या माथी आले. कारण ती शास्त्रे पढलेली होती, आणि कडेवरच्या सहा महिन्यांच्या कन्येला निजवण्याच्या नादात तिचे नाही म्हणायचे राहून गेले.

तीरावरचा नियम असा, की सेवा ज्याला लाभली त्यानेच साक्ष द्यावी. महामुनी दीर्घघोष शंभर साक्षीदारांसह आले. "आमच्या अन्नसत्राने तृप्त झालेले हे अतिथी!" ते गरजले.

"मुनिवर, हे जेवून आलेत, की जेवायला चाललेत?" प्लवक नावाडी मागून ओरडला. सभा हसली.

अन्नसत्र खरे होते, शाश्वतीने ते मनापासून वाखाणले. पण शंभर मुखांतून एकच स्तुतिश्लोक एकाच चालीत ऐकून ती घुटमळली.

तेवढ्यात प्लवकाने एका वृद्धेला पुढे ढकलले. "ही विधुला. वाटेत मेलेल्या, मागे कोणी नसलेल्या माणसांना ही आंघोळ घालते, मुखात तुळस ठेवते, अग्नी देते. गेली बारा वर्षं."

"साक्षीदार?" दीर्घघोषांनी विचारले.

"ते कसे बोलणार, महाराज?" विधुला ओशाळली. "आणि मला माळ कशाला? चल रे प्लवका, नाव सोड."

शाश्वतीने दोघांकडे आळीपाळीने पाहिले. नियम मानावा तर दीर्घघोष, मन मानावे तर विधुला. आणि मन तर तिला बाळाचा श्वास चालू आहे ना, हे दिवसातून दहादा पाहायला लावणारे. त्याचा काय भरवसा! तिने कन्येला छातीशी धरून एक अंगाई गुणगुणली. न जाणो, शेवटचीच ठरायची. मग उठून तिने माला विधुलेच्या गळ्यात घातली. तोंड उघडून पाहण्याचे मात्र तिला धैर्य होईना.

तोच दक्षिणेकडून महिषारूढ, दंडधारी, मेघश्याम धर्मराज प्रकटले.

"साक्ष मी आणली आहे. या तीरावरून येणारा प्रत्येक जीव माझ्या द्वारी एकच विचारतो: 'माझा चेहरा कोणी पुसला? त्यांना सांगा, फार बरं वाटलं.' विधुले, बारा वर्षांचे निरोप साठले आहेत. आज ते पोचवतो. वर माग!"

विधुला कितीतरी वेळ रडत राहिली. "देवा, माझंही मागे कोणी नाही. आमच्यासारख्यांना कोणीतरी असावं."

"तथास्तु! अनाथ प्रेताला जो खांदा देईल, तो त्याच क्षणी त्याचा सगोत्र होईल. त्याची तिलांजली पुत्राच्या तिलांजलीइतकीच पोचेल."

"आई..." शाश्वती म्हणाली, आणि आपलाच आवाज ऐकून दचकली. "आम्हा सगळ्यांच्या वतीने..." वाचा शाबूत होती. तिने विधुलेच्या पायांवर डोके ठेवले.

पुढे विधुला निवर्तली, तेव्हा सातही आश्रम तिचे सगोत्र झाले. खांदा देण्यात दीर्घघोष सर्वांत पुढे होते. तेव्हापासून शुभ्रतोयेच्या तीरावर कोणाही मृताला अनाथ म्हणत नाहीत. त्याचे गोत्र विचारले, तर खांदा देणारा आपले सांगतो.