तान्हूबाईची वेल आणि महाराजांची पाठ

माणदेशाच्या कडेला करंजहोळ नावाचे गाव आहे. पाऊस तिथे घाईच्या पाहुण्यासारखा येतो आणि पाणी विचारायच्या आत निघून जातो. अशा गावात श्रीनिवांत महाराज का रमले, हे कुणालाच कळले नाही. कुणी विचारलेच तर महाराज म्हणत, "इथली माणसं पाण्यासाठी देवाला हाक मारतात. ती हाक खोटी नसते, म्हणून ऐकायला बरी वाटते."

महाराज महादेवाच्या देवळाशेजारी राहत. देवळाला एक विहीर होती आणि विहिरीवर पूजेच्या फुलांची छोटी बाग. ती बाग तान्हूबाई माळीण राखत असे. तिचा नवरा गेनबा एकदा नाशिककडे मजुरीला गेला होता, तिथून त्याने ओल्या गोणपाटात गुंडाळून द्राक्षाची एक काडी आणली. बागेत पांगाऱ्याचे खांब रोवून मांडव केला, काडी लावली आणि महादेवापुढे हात जोडून बोलला, "देवा, पहिला घड तुझ्या पिंडीवर." त्याच पावसाळ्यात गेनबा तापाने गेला. पदरी मूलबाळ नव्हते. तान्हूबाईला उरली ती ही वेल आणि नवऱ्याने देवाला दिलेला शब्द.

तिने वेलीला पोटच्या पोरीसारखे वाढवले. सकाळी गेली की आधी तिच्याशी बोलायची, मग झेंडूकडे वळायची. वेलही अशी माजली की मांडव दिसेनासा झाला. पाने हाताच्या पंजाएवढी, पण घड म्हणाल तर एक नाही! जाणती माणसे सांगत, "आक्का, पाऊस सरला की वेल छाटावी लागती." तान्हूबाईच्या अंगावर काटा येई. ती म्हणे, "ह्यांच्या हातची येल हाय ती. तिच्यावर इळा चालवायला माझा हात उठत न्हाई."

देवळाचे मुख्य पंच होते हैबतराव पाटील. मनाचे वाईट नव्हते, पण जिभेला हाड नव्हते. एके दिवशी देवळाच्या पारावर सगळ्या गावासमक्ष ते म्हणाले, "तान्हू, नुसती पानंच पाहिजे होती तर नागवेल लावायचीस. देवाला विडा तरी झाला असता." पार हसला. तसा पाटलांना चेव आला. "आमच्या मुलखात कधी द्राक्ष पिकलंय का? ही तुझी वेल फुकट विहीर पिते. शिवरात्रीला पिंडीवर घड दिसला नाही, तर मी स्वतः ती उपटून टाकणार."

तान्हूबाई घरी जाऊन पोटभर रडली आणि दुसऱ्या दिवशी महाराजांपुढे बसली. "म्हाराज, येल गेली तर त्यांचा सबुद खोटा पडंल."

महाराज म्हणाले, "बघू."

दसरा झाला. पाऊस गेला, उन्हे लख्ख पडू लागली. एका सकाळी तान्हूबाई बागेत आली आणि दारातच थबकली. धनगराची शेरडे मांडवावर पाय देऊन वेल ओरबाडत होती, आणि बागेचे फाटक उघडे धरून महाराज उभे होते! वर एका शेरडाला चुचकारत होते, "ती काडी राहिली बघ. हां, तेवढं पुरे, पुढं हो."

वेलीच्या बोडक्या काड्या तेवढ्या उरल्या. गावभर हसू झाले. पाटील म्हणाले, "मला उपटायचेही कष्ट पडले नाहीत. बुवांनी परस्पर शेरडांना नैवेद्य दाखवला."

तान्हूबाई महाराजांवर रुसली. बोलणे बंद केले. पण महाराज उपाशी राहतील ही कल्पना तिला सोसेना, म्हणून रोज भाकरी आणून ओट्यावर आदळायची आणि पाठ फिरवून चालू लागायची. महाराज मिटक्या मारत म्हणायचे, "राग आला की भाकरी फार खरपूस भाजते हो आमची आक्का." भक्ताचा रुसवासुद्धा संतांना गोड लागतो, तो असा.

शेवटी एके दिवशी तिने तोंड उघडले. "का केलंत म्हाराज असं?"

महाराज तिला वेलीपाशी घेऊन गेले. "आक्का, ही पोर मूळची थंड मुलखातली. तिकडं बर्फ पडतो, ही पानं टाकून झोपते आणि उठली की फळते. आपल्या हवेत तिला झोपच नाही. नुसती जागी राहून पानं काढत बसली बिचारी. तिला जरा थांब म्हणणारं कुणीतरी पाहिजे होतं. तुझा हात उठत नव्हता, मग शेरडांना बोलावलं. आता हे बघ."

प्रत्येक काडीवर डोळे फुटले होते. शेरडांनी जिथे थांबायला हवे नेमके तिथेच तोंड थांबवले होते. कोवळ्या पालवीच्या बगलेत मोहरीसारखे बारीक घोस लोंबत होते. तान्हूबाईने पदर तोंडाला लावला आणि ती तशीच खाली बसली.

माघ लागला. मण्यांत रस भरू लागला. पाटलांच्या कानी गेले. कोल्ह्याला द्राक्षे आंबट असतात, तसे पाटील "आंबटढाण असतील" म्हणत एका दुपारी बागेत आले. मांडवाखाली महाराज बसले होते, तान्हूबाई आळे करत होती. तेवढ्यात आभाळ काळवंडले आणि गारा सुरू झाल्या. लिंबाएवढ्या गारा! देवळाची कौले फुटली, झेंडू भुईसपाट झाला. पाटील डोके धरून मांडवाखाली शिरले.

तान्हूबाई वेलीच्या खोडाला मिठी मारून ओरडली, "म्हाराज, आता काय उरत न्हाई."

महाराजांनी डोळे मिटले. आणि पाटलांनी जे पाहिले ते त्यांनी पुढे जन्मभर सांगितले. मांडवाच्या कडेपर्यंत गारांचा सडा पडत होता, पण मांडवावर एकही गार पडत नव्हती. घड जागचा हलला नाही. पाटलांना खरे वाटेना, म्हणून त्यांनी हात मांडवाबाहेर काढला. गारेने मनगट असे शेकले की त्यांनी हात पोटाशी धरला. फक्त एक गोष्ट त्यांना उमगली नाही. कोरड्या जागी बसलेले महाराज पुन्हा पुन्हा खांदे का आकसून घेत होते?

आभाळ निवळले. महाराज उठू लागले आणि घोंगडी पाठीवरून घसरली. पाठभर काळेनिळे वळ उठले होते, कुठे कातडी फुटून रक्त आले होते.

"म्हाराज, ह्ये काय?" तान्हूबाई पुढे धावली.

महाराज म्हणाले, "गेनबानं देवाला शब्द दिला होता. देवाच्या हाती पडायच्या आधी तो आभाळाला कसा नेऊ द्यायचा?"

पाटलांनी तिथेच त्यांचे पाय धरले. "महाराज, ही वेल मी उपटणार होतो. क्षमा करा."

महाराजांनी पाय मागे घेतले. आवाज मात्र मायेचाच होता. "हैबता, तू तिला चारचौघांत हसलास. इथं आडोशाला माझ्या पाया पडून कसं चालेल?"

शिवरात्र आली. देवळात उभे राहायला जागा नव्हती. तान्हूबाईने पहिला घड पिंडीवर ठेवला आणि हलकेच म्हणाली, "कारभारी, पोचला बरं का." देवळात कित्येकांचे डोळे भरून आले.

ती मागे वळली तो समोर पाटील. त्यांनी पागोटे काढून खाली ठेवले आणि साऱ्या गावादेखत त्या माळिणीच्या पायांवर डोके टेकले. गावात असे कधी घडले नव्हते. तान्हूबाई गडबडून मागे सरली, "उठा पाटील, मला पाप लागंल."

पाटील उठेनात. तान्हूबाईने महाराजांकडे पाहिले. महाराजांनी नुसती मान हलवली. मग तिने वाकून पाटलांच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तेव्हा कुठे ते डोके वर आले.