पोचा पडलेली दुरडी

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या गावाचं नावसुद्धा सांगणाऱ्यांच्या तोंडून केव्हाच गळून गेलं. एवढं मात्र ठाऊक आहे, की गाव कारागिरांचं होतं. कुणी मडकी घडवी, कुणी बाजा विणी, कुणी गोधड्या शिवी, कुणी लोखंड ठोकी. बसून खाणारा माणूस तिथे औषधालाही सापडला नसता.

त्या गावाची एक रीत होती, आणि ती मोठी कडक होती. देवीच्या जत्रेला प्रत्येक कारागिराने वर्षभरात सुचलेली एक नवी वस्तू देवळाच्या पायरीवर ठेवायची. ओळीने तीन वर्षं ज्याला नवं काही सुचलं नाही, त्याने आपलं हत्यार देवळाच्या तुळईला टांगायचं आणि पुन्हा त्याला हात लावायचा नाही. तुळईला एक छिन्नी आणि एक करवत आधीच लटकत होती. त्यांचे धनी लोकांची गुरं राखता राखता म्हातारे झाले.

याच गावात एक बुरूड राहत होता. बांबू सोलावा तर त्यानेच. पण त्याची एक खोड होती. तो कामाला बसे तो भिंतीकडे तोंड करून. ‘दुसऱ्याचं काम बघितलं की आपला हात बिघडतो,’ असं त्याच्या बापाने त्याला लहानपणी सांगितलं होतं, आणि त्याने ते पक्कं गाठीला बांधलं होतं. जत्रेतही तो मान खाली घालून चाले. शेजारची कुंभारीण काय घडवते, हे त्याला वीस वर्षांत कळलं नव्हतं. लोक याला गर्व म्हणत. मला विचाराल तर ती निव्वळ भीती होती.

व्हायचं तेच झालं. एका जत्रेला त्याने नेहमीचंच सूप ठेवलं. पुढच्या जत्रेला पुन्हा तेच, फक्त वीतभर मोठं.

देवळाचा कारभार एक म्हातारा लोहार पाहत असे. तो म्हणाला, “बाबा रे, सूप मोठं केलं म्हणून नवं होत नाही. दोन वर्षं झाली. पुढच्या खेपेलाही हेच असलं तर कोयता बरोबर आण.”

तिसरं वर्ष सरत आलं, तरी बुरुडाला काही सुचेना. ताटावर बसला तरी घास उतरेना. बायको म्हणाली, “अहो, दोन घास खा तरी. पोट भरलं की डोकं चालेल.”

“कोयता गेला तर मी कोण गं?” तो म्हणाला. “मला दुसरं येतंच काय?” त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून तिनेही ताट बाजूला सारलं.

शेवटी जत्रेला पंधरा दिवस उरले, तेव्हा त्याने बापाचा शब्द मोडला. दिवसभर चालून तो टेकडीपलीकडच्या गावी गेला. तिथल्या एका बुरुडाचं मोठं नाव होतं. त्याच्या दारात दुरड्या मांडल्या होत्या. त्यांतली एक दुरडी बघून आपल्या बुरुडाचे डोळे लकाकले. वीण तिरपी, आणि एका अंगाला असा हलकासा पोचा, की जणू दुरडीने श्वास आत ओढला आहे. कुणाला काही विचारण्याची त्याला लाज वाटली. डोळ्यांनीच सगळं मोजलं आणि तो चोरपावलांनी घरी परतला.

चार दिवस खपून त्याने हुबेहूब तशीच दुरडी विणली. पोचासुद्धा बोटभर इकडे नाही की तिकडे नाही.

पलीकडच्या घरात गोधड्या शिवणारी एक म्हातारी राहत असे. त्याने दुरडी आधी तिला दाखवली. तिने त्यात शेंगा भरल्या, डोक्यावर घेतली, आणि चार पावलं टाकते न टाकते तोच दुरडी एका अंगाला कलली. अंगणभर शेंगाच शेंगा.

“हा पोचा कशाला रे?” म्हातारीने विचारलं.

“तिकडे तसाच होता, आजी.”

“तिकडे होता म्हणून? उद्या तिकडचा माणूस लंगडत चालला तर तूही लंगडशील?”

बुरूड खाली बसून शेंगा वेचू लागला. म्हातारीला त्याची दया आली. ती म्हणाली, “तू चोरी केलीस याचं मला एवढं वाईट वाटत नाही. अर्धीच केलीस, याचं वाटतं. जा, त्यालाच जाऊन विचार.”

दुसऱ्या दिवशी बुरूड पुन्हा टेकडी चढला. त्या नामांकित बुरुडाच्या पायाशी दुरडी ठेवून त्याने सगळं कबूल केलं. तो माणूस रागावेल असं त्याला वाटलं होतं, पण तो पोट धरधरून हसला.

“अरे, आमची शेतं खाली आणि घरं वर. चढण अवघड, म्हणून बायका एका हाताने दोर धरतात आणि दुरडी कमरेवर घेतात. हा पोचा माझ्या घरधनिणीच्या कमरेवर बेतलाय. तुमच्याकडे कमरेवर घेतात का?”

“नाही, डोक्यावर.”

“मग आपल्या बायकांची डोकी बघायची सोडून माझ्या बायकोची कमर कशाला मोजलीस?”

बुरुडालाही हसू आलं. कित्येक महिन्यांनी आलं. मग त्याने धीर करून विचारलं, “आणि ही तिरपी वीण?”

“ती माझी नाही. बाज विणणाऱ्याकडून घेतली. चार दिवस त्याच्या दारात बसलो होतो.”

“त्याने बसू दिलं?”

“भाकरीसुद्धा दिली. विचारणाऱ्याला कोण हाकलतं?”

बुरूड गावी परतला आणि जन्मात पहिल्यांदा शेजाऱ्यांच्या अंगणात जाऊन बसला. बाज विणणाऱ्याला विचारलं, “वीण तिरपी का?” तो म्हणाला, “तिरपी असली की माणसाच्या अंगाप्रमाणे लवते, आणि तुटत नाही.” कुंभारणीला विचारलं, “घागरीचं बूड सपाट का नाही?” ती म्हणाली, “सपाट बूड डोक्यावरच्या चुंबळीत बसत नाही.” म्हातारीला विचारलं, “गोधडीच्या कडेला टाका दुहेरी का?” ती म्हणाली, “फाटायला तिथूनच लागते, म्हणून.”

त्यानंतर त्याने शेतावरून येणाऱ्या बायकांची चाल पाहिली. एक हात दुरडीला, एक हात पोराला. ठेच लागली तर सावरायला तिसरा हात कुणाला असतो? मग त्याने कोयता उचलला.

जत्रेच्या दिवशी त्याने पायरीवर एक दुरडी ठेवली. बूड आतल्या अंगाला वळवलेलं आणि बाजेसारखं लवणारं, काठ दुहेरी. लोहाराने विचारायच्या आधीच तो म्हणाला, “वीण बाज विणणाऱ्याची आहे. बूड कुंभारणीमुळे सुचलं. काठ आजीच्या गोधडीचा.”

एक गवंडी फटकन बोलला, “मग यात तुझं काय? सगळं उसनंच की!”

गर्दी हसली. बुरुडाचा चेहरा पडला. “ते मला सांगता येत नाही,” असं म्हणून त्याने कोयता आपणहूनच लोहारापुढे ठेवला.

तेवढ्यात एक लेकुरवाळी पुढे आली. तिने त्या दुरडीत प्रसादाचे नारळ भरले आणि चुंबळ न घेता ती डोक्यावर ठेवली. बूड डोक्याशी बरोबर बसलं. एका हाताने तिने पोर कडेवर घेतलं, दुसऱ्या हाताने आंधळ्या सासूचा हात धरला आणि ती पायऱ्या उतरू लागली. चाळीस पायऱ्या होत्या. ती खाली पोचली, पण दुरडी जागची हलली नाही.

लोहाराने कोयता उचलला. “हे तिघे पिढ्यान् पिढ्या शेजारी राहतात,” तो गवंड्याला म्हणाला. “बाज, घागर आणि गोधडी एकाच अंगणात पडलेली असतात. तरी ही दुरडी आजवर झाली नव्हती. तेवढं याचं.”

आणि कोयता त्याने बुरुडाच्या हातात दिला. बुरूड तिथेच, सगळ्यांदेखत, पोरासारखा रडला.

पुढच्या वर्षी कुंभारीण ओलं मडकं घेऊन त्याच्या दारात उभी राहिली. मडक्यावर तिने बांबूच्या विणीची नक्षी उमटवली होती. ती भीत भीत म्हणाली, “भाऊ, तुमची वीण उचललीय. रागावणार नाही ना?”

त्याने मडकं हातात घेऊन फिरवून पाहिलं. “एक पट्टी वर गेली की पुढची खाली का जाते, ते ठाऊक आहे का ताई?” तो म्हणाला. “बसा, सांगतो.”

तात्पर्य: दुसऱ्याच्या कामातला नुसता आकार घेतला तर नक्कल होते, त्यामागचं कारण विचारून घेतलं, तर आपलं काम सुरू होतं.