टेकडीची माफी

लाल टेकडीला माथा होता, तेव्हाची गोष्ट. लोखंडाच्या खाणीतला म्हातारा लालसू रोज पहिला घाव घालण्याआधी टेकडीची माती कपाळाला लावी आणि म्हणे, “माय, माफ कर.”

त्याची कुदळ गोंधळून जाई. माफी मागायची, तर खणायचं कशाला?

न राहवून तिने टेकडीलाच विचारलं. टेकडी म्हणाली, “तूही माझ्याच पोटातलं लोखंड, पोरी. मला तरी कुठे कळतंय? पण माफी मागणाऱ्याचा हात संध्याकाळी थांबतो, एवढं खरं.”

पुढे खाणीत पोलादी यंत्र आलं आणि न थांबता खणू लागलं. कोपऱ्यात पडलेल्या कुदळीने एकदा त्याला विचारलं, “काय रे, माफी मागितलीस का?”

“कुणाची?” यंत्र गोंधळलं.

कुदळ टेकडी दाखवायला वळली, तर तिथे नुसता खड्डा होता.