कॅमेऱ्याला दुसरा पाय नसतो

माझी शाळा लवकर सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल, शब्दही साधेच आहेत. लहानथोरांनी ते पोटात घालावं आणि गोष्ट ऐकावी.

पुष्कळ वर्षांमागे डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथे जोडे शिवणारा एक कारागीर राहायचा. त्याचा बाप गेला तेव्हा बाभळीच्या सालीत कमावलेल्या कातड्याचा एकच तुकडा मागे उरला. कारागिराने तो कधी वापरला नाही. अधूनमधून फडकं सोडायचा, वास घ्यायचा, परत बांधून ठेवायचा. त्या वासात त्याला कातडं कमावायच्या हौदाशी वाकलेला बाप दिसायचा.

एके दिवशी गावचे फोटोवाले आजोबा आले. गावातल्या प्रत्येक लग्नाचा फोटो त्यांनीच काढलेला. आता नजर अधू झाली होती, आणि त्यांच्या पेटीसारख्या कॅमेऱ्याचं कातडं जागोजाग भुगा होऊन गळत होतं.

"हे तुझ्या बापाने चढवलं होतं," ते म्हणाले. "त्याच्या हातचं काही उरलं असेल तर तेच लाव. जत्रेत शेवटचे फोटो काढीन म्हणतो."

कारागिराने जुनं कातडं अलगद सोलून काढलं. ते नमुना म्हणून बापाने कमावलेल्या कातड्याच्या पाठीवर, म्हणजे मागच्या बाजूवर ठेवलं, आखलं आणि कापलं. पाठीवर आखताना नमुना पालथा ठेवायचा असतो. त्याने उताणा ठेवला, आणि तुकडा आरशातल्यासारखा उलटा निघाला. जोड्यात ही चूक खपते, उलटा तुकडा दुसऱ्या पायाला चालतो. इथे मात्र भिंगाचं भोक डावीकडे हवं ते उजवीकडे आलं.

बापाची शेवटची वस्तू आपल्याच हाताने नासली, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? त्याने बाजारचं काळं मेणकापड चिकटवलं आणि कॅमेरा देऊन टाकला.

आजोबांनी तो नाकाशी नेला. "बाभळीचा वास येत नाही रे."

"जुनं कातडं आहे, आजोबा. वास उडाला असेल."

"तुझ्या बापाच्या कातड्याचा वास उडत नसतो. डोळे गेलेच होते, आता नाकही चाललं माझं. मग जत्रेत कशाला हसं करून घ्यायचं? माळ्यावर टाकतो हा."

आजोबा भिंतीला हात लावत निघून गेले. कारागिराला घास गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारागीर तो नासलेला तुकडा घेऊन आजोबांच्या ओट्यावर गेला. "हा हुंगा. नाक तुमचं ठीक आहे, खोट माझ्यात आहे," म्हणाला आणि सगळं सांगितलं.

आजोबांनी तुकडा बराच वेळ नाकाशी धरला. "शहाण्या, कॅमेऱ्याला दुसरा पाय असतो का? आधी माळ्यावरून कॅमेरा उतरव आणि ते मेणकापड काढ. जत्रा तोंडावर आली."

कारागिराने तिथेच बसून तुकड्याच्या डाव्या काठाची पट्टी कापली आणि उजव्या काठाला शिवली. भोक सरकून जागेवर आलं, तसा त्याने तुकडा कॅमेऱ्यावर चढवला. शिवण उठून दिसत होती. त्याने ती लपवली नाही.

आपली चूक आपण लपवली, की तिची शिक्षा दुसराच कुणी भोगतो.