बुडणाऱ्या वाटीचं नाव

एक होता राजा, आणि त्याला एक खोड होती. दिसेल त्या गोष्टीला ‘का?’ विचारायचा.

त्याच्या राजवाड्यापुढे पाण्याचं घंगाळ होतं. त्यात तांब्याची वाटी तरंगायची. तिच्या बुडाला सुईएवढं भोक, बरं का. पाणी हळूहळू आत यायचं, वाटी भरायची आणि बुडुक करून बुडायची. तिचं नाव घटका. ती बुडाली की घंगाळापाशी बसलेली येसूबाई काशाची थाळी वाजवायची. मग पोरं शाळेतून सुटायची, मग आचारी चुलीवरचं उतरवायचा.

एकदा येसूबाई आजारी पडली, ती उठलीच नाही. तिची लेक भिवरा घंगाळापाशी बसायला गेली. तर तीन म्हातारे शास्त्री आले. “ऊठ गं! हे पोरीबाळींचं काम नाही. हात लावलास तर गावाबाहेर घालवू.” शहाणे होते म्हणे. पागोटी मोठी होती, एवढं खरं.

राजा म्हणाला, “घटका हा शब्द आला कुठून? सांगेल त्याची ही जागा.”

पहिला शास्त्री म्हणाला, “घटावरून. आधी वाटी, मग वेळ.” दुसरा म्हणाला, “चूक! आधी वेळ, मग वाटी.” तिसरा म्हणाला, “आमचे आजोबा सांगून गेलेत, घटका म्हणजे घटका. त्यापुढं विचारू नये.” मग तिघे भांडायला लागले. पागोटी सुटली तरी थांबेनात.

इकडे वाटी बुडाली. कुणाचं लक्षच नाही! पोरं शाळेत अडकली. आचाऱ्याची खीर करपली.

भिवरानं बाही सारली. वाटी काढली, उपडी केली, परत सोडली. ठण्णकन थाळी वाजवली.

“हात लावला, हात लावला!” म्हातारे ओरडले.

राजानं विचारलं, “तुला ठाऊक आहे का गं, शब्द कुठला?”

“नाही, महाराज. ही वाटी घटका. ती भरेपर्यंतचा वेळ पण घटका. शेजारीण ‘घटकाभर बसते’ म्हणते आणि जेवूनच जाते, ती पण घटकाच.” राजा हसला. “आणि आई गेली तेव्हा लोक म्हणाले, तिची घटका भरली.”

“मग?”

“आईला मी मागंच विचारलं होतं, भरली की पुढं काय? ती म्हणाली, उचलायची, ओतायची, परत सोडायची.”

राजानं वाकून घंगाळात पाहिलं. मग म्हणाला, “शब्दाचं मूळ मी शोधत बसेन. तू वाटीकडं बघ.”

करपलेली खीर तिघा शास्त्र्यांना वाढली. भिवरा आपल्या जागी सुखात राहिली. पोरंही वेळेवर सुटू लागली.

ऐकलंत? बुडुक. भिवरा उचलतेय वाटी. तुम्ही मिटा डोळे.