वसाहत बंद होती तेव्हा

“मग हे अजून चालतंय कसं, बाई?”

मयुराचे हात कीबोर्डवरून मांडीवर आले होते. मोहोळकर बाई खिडकीशी गवार निवडत होत्या.

“काय चालतंय?”

“सर्व्हर. मी त्याची फाइल पुसली. म्हणजे, पुसली नाही... तिच्यावर दुसरी कॉपी केली. तरी लोक लिहितायत. आत्ता कुणीतरी क्लबातल्या कॅरमचा जुना फोटो टाकला.”

“बरा आहे का फोटो?”

“बाई!”

बाई धरणाच्या कॉलनीतल्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. धरण झालं, कॉलनी रिकामी झाली, क्वार्टर्स पाडल्या. आता तिथे बाभळी आहेत. माणसं कुठे कुठे पांगली. निवृत्त झाल्यावर बाईंनी एक जुना कॉम्प्युटर घरी आणला, धडपडत शिकल्या, आणि त्यावर फक्त कॉलनीच्या माणसांसाठी एक सोशल नेटवर्क उभं केलं. नाव ठेवलं ‘वसाहत’. जाहिराती नाहीत, बाहेरचं कुणी नाही. कुणी कँटीनच्या भज्यांबद्दल लिहायचं, कुणी नुसतंच ‘आज गार आहे, तिकडे?’ असं विचारायचं.

हल्ली बाईंना पडद्यावरची बारीक अक्षरं दिसेनाशी झाली होती. म्हणून त्यांनी मयुराला बोलावलं होतं. क्रेनवाल्या घोलपांची मुलगी, आता इंजिनीअर.

“कंपनीत असली शेकडो यंत्रं मी बघते, बाई. तुम्ही नुसत्या बसा,” असं ती सकाळी आल्या आल्या म्हणाली होती.

सर्व्हरला लागणाऱ्या सगळ्या गोष्टी त्या एका फाइलीत होत्या. त्याचं नाव, पत्ता, नवे लोक घ्यायचे की नाही, आणि एक लांबलचक गुप्त चावी. असल्या प्रत्येक सॉफ्टवेअरबरोबर एक नमुना फाइलही येते, रिकाम्या जागांची. नवीन सर्व्हर लावताना ती कॉपी करायची आणि जागा भरायच्या. मयुराचे हात त्या सवयीचे. तिने इथेही सवयीने नमुना कॉपी केला. भरलेल्या फाइलीवर.

चावी गेली की सगळ्यांचं लॉगिन तुटणार होतं, आणि एकमेकांना पाठवलेले खाजगी निरोप कायमचे कुलपात जाणार होते.

त्यात मयुराला तिच्या वडिलांनी पाठवलेले निरोप होते. वडील आता नव्हते.

“फाइलचा बॅकअप असेल ना, बाई?”

“लिहिलेल्याचा घेते. पण कुलपाची चावी त्याच पेटीत कशी ठेवायची?”

“मग वेगळ्या पेटीत?”

“ती पेटी आणायची राहिली.”

तेवढ्यात यूपीएसने पीं केलं. मयुरा खुर्चीतून अर्धी उठली. माउस खाली पडून लोंबकळला.

“लाइट गेली?”

“नाही गं. तो असाच ओरडतो मधून मधून. म्हातारा झालाय.”

“लाइट गेली असती तर संपलंच होतं सगळं...”

बाईंनी गवारीची एक जून शेंग बाजूला टाकली.

“ती फाइल तो केव्हा वाचतो?” वर्गात विचारायच्या तसं त्यांनी विचारलं.

“सुरू होताना. एकदाच.”

“आणि नंतर?”

“नंतर बघत नाही. फाइलीत काही बदललं तरी त्याला...”

ती थांबली.

“कॉलनी पाडली तेव्हा तू कितवीत होतीस?”

“पाचवीत. बाई, आत्ता ते कशाला?”

“तुमच्या क्वार्टरचं दार कसं उघडायचं?”

“आत. अर्धंच. मागे बाबांची सायकल असायची.”

“क्वार्टर पाडलं तरी तुला आठवतंय. मग त्या सर्व्हरलाच विचार,” बाई म्हणाल्या, “काय वाचून उठला होता ते.”

मयुराने माउस वर उचलला. चालू प्रोग्रॅमच्या पोटात काय आहे ते बघायची आज्ञा तिला पाठ होती. कंपनीत ती दुसऱ्यांना शिकवायची. भीतीने सुचली मात्र नव्हती.

पडद्यावर सगळं एकाला एक चिकटून आलं. नाव, पत्ता, नवे लोक नकोत, आणि मग ती चावी, अर्थ नसलेल्या अक्षरांची लांब शेपटी.

तिने एकेक ओळ सोडवून फाइलीत परत लिहिली. दोनदा ताडून पाहिली. मग खुर्चीला पाठ टेकली.

“वाचलं, बाई! आता याला कुणी हात लावायचा नाही. कधी बंदच करायचा नाही.”

“मग वाचलं हे कशावरून?”

“मी अक्षर न् अक्षर बघितलंय.”

“सकाळीही बघूनच केलं होतंस.”

बाई उठल्या. पदराला हात पुसले. वाकल्या आणि कॉम्प्युटरचं बटण दाबलं.

पंखा हळू होत होत थांबला. इतका वेळ तो आवाज होता हे तेव्हाच कळलं.

“बाई! अहो, एवढी माणसं... बाबांचे...”

“चहा घेशील ना?”

“आधी चालू करा ना!”

“आलं किसायचंय,” म्हणत बाई आत गेल्या.

मयुराने बटणाकडे हात नेला आणि मागे घेतला. चालू केलं, आणि एखादं अक्षर चुकलेलं असलं तर? बंद आहे तोवर निदान...

फोन वाजला. ती दचकली.

“घे गं,” आतून बाई.

“काय सांगू?”

“बंद आहे म्हणून सांग.”

फोनवर म्हातारा, खणखणीत आवाज.

“बाई, आपलं वसाहत बंद पडलं का हो? साहेबांच्या त्या लंगड्या कुत्र्यावर लिहीत होतो मी, अर्ध्यात उडालं!”

“मी बाई नाही, काका. मी मयुरा. घोलपांची. जरा काम चाललंय.”

“क्रेनवाल्या घोलपांची? अगं, मी हुसेन! खाणीवरचा. भोंगा वाजवायचो.”

मयुराने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“सुरुंग उडवायच्या आधी भोंगा द्यायचो ना मी, तर तू म्हणे शाळेत बाकाखाली जाऊन बसायचीस. तुझे वडील आले एकदा सायकल मारत. म्हणाले, हुसेनभाई, भोंगा जरा हळू देत जा, पोरगी घाबरते. आता मला सांग, भोंग्याला हळू असतं का?”

“मग... काय केलंत?”

“काय करणार! घोलपभाऊ हटूनच बसले. म्हटलं, बरं, मी भोंग्याआधी शाळेकडे हिरवं फडकं हलवत जाईन. बाईंना खिडकीतून दिसायचं. मग त्या तुला काहीतरी कामाला लावायच्या.”

मयुराने स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथे किसणीचा आवाज चालू होता.

“फळा पुसायला,” ती म्हणाली. “रोज मलाच सांगायच्या. मला वाटायचं, मी मॉनिटर आहे म्हणून.”

“मॉनिटर!” काका एवढे हसले की तिने फोन कानापासून लांब धरला. मग तीही हसली.

“आणि बाबा? ते काय म्हणाले नंतर?”

“तुझे वडील? ते दुसऱ्या दिवशी भजी घेऊन आले की. बस, सांगतो...”

काका सांगत राहिले. बाईंनी चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली. बोलणं भज्यांवरून कुत्र्यावर गेलं, कुत्र्यावरून पावसात अडकलेल्या क्रेनवर, आणि क्रेनमध्ये रात्रभर गाणी म्हणत बसलेल्या घोलपभाऊंवर. हे मयुराने कधी ऐकलं नव्हतं. ऐकता ऐकताच तिने मोकळ्या हाताने बटण दाबलं. पंखा फिरू लागला. पडद्यावर ओळी धावल्या. तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

“आलं गं!” काकाच मध्ये ओरडले. “दिसायला लागलं. लॉगिनसुद्धा मागितलं नाही. ठेवतो आता, कुत्रं पुरं करतो.”

मयुराने घाईघाईने निरोप उघडले. सगळ्यात वर बाबांचा होता. ‘पोचलीस का? जेवून घे.’

“बाई, चावी बरोबर आहे!” तिचा आवाज चिरकला. “सगळं आहे. काहीच गेलं नव्हतं!”

“बंद होतं तेवढा वेळ गेलंच होतं,” बाई म्हणाल्या. “तू बोलत होतीस, म्हणून कळलं नाही.”